टाकी आणि भांडें यांमधील एक वायसर

घरांतील कांहीं गोष्टी अशा असतात कीं, त्यांच्याविषयीं चारचौघांत बोलणें सभ्यपणाचें समजलें जात नाहीं. देवघर, माजघर, स्वयंपाकघर यांविषयीं आपण हौसेनें लिहितों व वाचतों. परंतु कोपऱ्यांतील त्या लहानशा खोलीचें नांव निघालें कीं बोलणारा आवाज खालीं आणतो आणि ऐकणारा दुसरीकडे पाहूं लागतो. वस्तुतः एकत्र कुटुंबांत त्या खोलीइतकी सर्वांच्या नित्य उपयोगाची दुसरी खोली नाहीं. तिच्यांत बिघाड झाला तर त्याचा त्रास लहानापासून थोरापर्यंत सर्वांस होतो. आणि तरीही तो बिघाड दूर करण्याचें काम मात्र कोणाचेंच नसतें. आमच्या घरीं नेमकें असेंच घडलें. त्यावरून जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर पनवेलच्या जुन्या गांवांत आहे. लहानमोठीं मिळून अकरा माणसें एका छपराखालीं राहतात. थोरल्या काकूंचे गुडघे दुखूं लागले, त्यांना खालीं बसवेना, तेव्हां घरांत एक कमोड बसविला. भांडें आणि त्याच्या पाठीवर बसणारी चिनी मातीची टाकी अशी ती जोडी होती. दोन-तीन वर्षें कांहीं तक्रार नव्हती. पुढें फरशी ओली दिसूं लागली, तेव्हां प्रत्येकानें दुसऱ्यावर ठपका ठेवला. मुलें पाणी सांडतात, असें मोठ्यांनीं म्हटलें. मोठीं माणसें पाय न पुसतां बाहेर येतात, असें मुलांनीं सांगितलें. शेवटीं टाकीच्या खालून पाण्याची एक बारीक धार भांड्याच्या पाठीवरून उतरते, हें धाकट्या वहिनीच्या लक्षांत आलें. नळकाम करणारा एक कारागीर बोलावला. त्यानें टाकी आणि भांडें यांमधील फटींत पांढरा लेप भरला, पैसे घेतले आणि तो गेला. आठ दिवसांनीं पाणी पूर्ववत् येऊं लागलें. असें तीनदां झालें. चौथ्या वेळीं त्याला बोलावण्याचा उत्साह कोणासच उरला नाहीं. फरशीवर तरटाचें एक पायपुसणें टाकून आम्हीं त्या गोष्टीकडे डोळेझांक केली.

एके दिवशीं पहांटे काकू त्या पायपुसण्यावरून घसरल्या. दाराची चौकट हातीं लागली म्हणून थोडक्यांत निभावलें. मनगट मात्र चांगले पंधरा दिवस सुजलेलें होतें. दुपारीं त्यांनींच मला हांक मारून विचारलें, “अरे, ती टाकी उचलून खालीं काय झालें आहे तें कोणी पाहिलें आहे का?”

कोणींच पाहिलें नव्हतें. “काकू, तें काम आपलें नव्हे. उद्यां दुसरा माणूस पाहतों,” असें मी म्हणालों.

“आपलें नव्हे म्हणजे मग कोणाचें?” त्या शांतपणें म्हणाल्या. “हात धुतले कीं स्वच्छ होतात. माझें हाड मोडलें असतें, तर तें धुऊन बरें झालें नसतें.”

या बोलण्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढच्या रविवारीं टाकी मींच उतरविली. काम दोन तासांचें निघालें. आणि ज्या वस्तूनें आम्हांला इतके महिने छळलें, ती वस्तु म्हणजे हातभर नळीही नव्हे, तर रबराचें एक जाड कडें होतें.

यंत्राची रचना समजली म्हणजे त्याचें भय जातें. म्हणून प्रथम रचना पाहूं. टाकीच्या तळाला एक मोठें भोंक असतें. त्या भोंकांतून झडपेची नळी खालीं उतरते. तिला बाहेरून आटे असतात, आणि टाकीच्या खालच्या अंगानें एक मोठा नट तिला आवळून धरतो. टाकीच्या आंतल्या बाजूस, झडप आणि चिनी माती यांमध्यें, एक रबरी वायसर असतो. खालच्या मोठ्या नटावर दुसरा एक जाड रबराचा किंवा स्पंजासारख्या पदार्थाचा वायसर बसतो. हाच टाकी आणि भांडें यांमधील सांध्याचा राखणदार. टाकी भांड्यावर ठेवून दोन किंवा तीन बोल्टांनीं आवळली कीं हा वायसर दाबला जातो व पाण्याची बाहेरची वाट बंद होते. बोल्ट जेथें टाकीच्या तळांतून जातात तेथेंही आंतल्या बाजूस लहान रबरी वायसर असतात. म्हणजे गळतीच्या जागा एकंदर तीन : आंतला वायसर, बोल्टांचे वायसर आणि मधला जाड वायसर.

यांपैकीं कोणती जागा गळते, हें टाकी न उतरवितांही ओळखतां येतें. आंतला वायसर व बोल्टांचे वायसर हे टाकींतील पाण्याखालीं अहोरात्र बुडालेले असतात. त्यामुळें ते गळूं लागले म्हणजे थेंब रात्रंदिवस पडतो. मधल्या वायसराचा पाण्याशीं संबंध मात्र कळ दाबल्यावर पाणी धो धो उतरतें तेवढ्याच क्षणीं येतो. म्हणून तो बिघडला तर कळ दाबतांच पाणी बाहेर येतें व पुढें थांबतें. आमच्या घरीं हीच स्थिति होती. फरशी कधीं ओली तर कधीं कोरडी दिसे, आणि त्यामुळेंच आम्ही महिनोन्महिने एकमेकांवर आळ घेत राहिलों.

परीक्षेची एक सोपी रीति आहे. टाकीचें झांकण काढून पाण्यांत कपड्यांची नीळ थोडीशी घालावी. भांड्याची पाठ व फरशी कोरड्या फडक्यानें पुसून खालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें. कळ न दाबतां अर्धा तास थांबावें. कागदावर निळा डाग आला तर दोष आंतल्या वायसराचा अथवा बोल्टांचा. कळ दाबल्यावरच आला तर मधल्या वायसराचा. कागद कोरडाच राहिला, परंतु कळ न दाबतां भांड्यांतील पाणी निळें झालें, तर झडप आंतल्या आंत गळते आहे असें समजावें. तो दोष निराळा, आणि त्याचा उपायही निराळा. कोंकणच्या पावसाळ्यांत आणखी एक भ्रम होतो. हवा दमट असली व टाकींतील पाणी गार असलें कीं टाकीला बाहेरून घाम येतो आणि त्याचे थेंब खालीं पडतात. हे थेंब निळे नसतात. एवढी परीक्षा केल्यावांचून नवा वायसर आणूं नये.

आतां प्रत्यक्ष काम. भिंतींतून टाकीकडे पाणी जेथून येतें तेथें एक लहान तोटी असते, तिला कारागीर अँगल कॉक म्हणतात; ती प्रथम बंद करावी. कळ दाबून टाकी रिकामी करावी व तळाशीं राहिलेलें पाणी स्पंजानें किंवा जुन्या फडक्यानें टिपून बादलींत पिळावें. मग टाकीला जोडलेली पाण्याची नळी सोडवावी. बोल्टाचें डोकें टाकीच्या आंत असतें व नट खालीं असतो. आंतून स्क्रूड्रायव्हरनें डोकें धरून ठेवावें आणि खालून पान्ह्यानें नट सोडवावा. बोल्ट लोखंडी असले तर ते गंजून एकजीव झालेले असतात. अशा वेळीं जोर न करतां नटावर गंज सोडविणारें तेल सोडून तासभर वाट पाहावी. तरीही न सुटल्यास करवतीच्या पात्यानें बोल्ट कापावा. हातोडी मात्र घेऊं नये. चिनी माती एका ठोक्यानें तडकते, आणि मग एका वायसराचें काम एका नव्या टाकीवर जातें.

टाकी सरळ वर उचलावी. ती दिसते त्याहून जड असते व ओल्या हातांतून निसटते, म्हणून दोघांनीं धरावी. जमिनीवर जुनी गोधडी अंथरून तिच्यावर टाकी आडवी ठेवावी. आमच्या टाकीखालचा वायसर हातांत घेतला तेव्हां तो लांकडासारखा कडक झाला होता व एका बाजूला चपटा होऊन चिरला होता. भोंवतीं तीन वेळचा पांढरा लेप थरावर थर बसलेला होता. दोष आंतल्या बाजूस आणि उपचार बाहेरून, अशी ती चिकित्सा होती. रबर दाबाखालीं वर्षानुवर्षें राहिलें कीं त्याचा लवचिकपणा जातो. पाण्यांतील क्लोरीन व क्षार त्याला आणखी कठीण करतात. कडक रबर दाबलें तरी पसरत नाहीं, आणि न पसरणारा वायसर पाणी अडवूं शकत नाहीं. बाहेरून लेप लावून त्याला पुन्हां तारुण्य येत नाहीं.

नवा वायसर आणतांना जुना बरोबर न्यावा. सर्व टाक्यांचीं भोंकें सारखीं नसतात. डोळ्यांनीं अदमास करून आणलेला वायसर बहुधा परत करावा लागतो. त्याबरोबरच पितळी किंवा न गंजणारे पोलादी बोल्ट, त्यांचे रबरी वायसर आणि झडपेचा आंतला वायसरही घ्यावा. टाकी एकदां उतरविली आहे, तर तिन्ही जागा एकाच वेळीं नव्या कराव्या, हा शहाणपणा होय. नाहीं तर एक सांधा बंद झाल्यावर सहा महिन्यांनीं दुसरा बोलूं लागतो.

बसविण्यापूर्वीं टाकीचा तळ व भांड्यावरील बैठक स्वच्छ करावी. तेथें पाण्याचा पांढरा क्षार जमलेला असतो. तो लिंबाच्या रसानें किंवा व्हिनेगरनें भिजवून, काथ्यानें घांसून काढावा. क्षाराचा एक खडा राहिला तरी रबर तेथें उचललें जातें व पाण्यास वाट मिळते. झडपेचा मोठा नट प्रथम हातानें घट्ट करावा व नंतर थोडासाच आणखी फिरवावा. त्यावर नवा जाड वायसर दाबून बसवावा. बोल्टांना टाकीच्या आंतून रबरी वायसर घालावे. धातूचा भाग चिनी मातीला कोठेंही उघडा टेकूं नये. रबराला लेप, लांबी किंवा तेल लावूं नये. रबर स्वतःच्या दाबानें पाणी अडवितें. मध्यें निसरडें कांहीं आलें तर तें सरकतें, आणि घट्ट होणारें कांहीं आलें तर पुढच्या खेपेस टाकी सुटत नाहीं.

मग टाकी भांड्यावर सरळ उतरवावी आणि नट पाळीपाळीनें आवळावे : उजवीकडे अर्धा फेरा, डावीकडे अर्धा फेरा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीस हात घातला तर टाकी तिरकी बसते व वायसर एका अंगानें उपाशी राहतो. टाकी सपाट बसली व हातानें हलविली असतां डुलेनाशी झाली कीं थांबावें. आणखी एक फेरा दिला म्हणजे अधिक बळकटी येईल, हा मोह येथें फार घातक आहे. नवशिक्याच्या हातून टाक्या फुटतात त्या बहुधा या शेवटच्या फेऱ्यानेंच. पाणी सोडून टाकी भरूं द्यावी, पुन्हां नीळ घालावी, कागद पसरावा व पांच-सहा वेळां कळ दाबावी. आमचा कागद कोरडा राहिला. तो काकूंना नेऊन दाखविला, तेव्हां त्यांनीं चष्मा लावून दोन्ही बाजूंनीं नीट पाहिला, मगच त्यांचा विश्वास बसला.

कित्येक घरीं टाकी भांड्यावर नसून भिंतीवर असते आणि वांकड्या नळीनें भांड्यास जोडलेली असते. तेथें नळी भांड्यांत शिरते त्या जागीं एक रबरी टोपण असतें. गळती बहुधा तेथेंच होते. नळी हलवून टोपण काढावें, त्याच मापाचें नवें बसवावें आणि नळी सरळ रेषेंत आहे ना, हें पाहावें. टाकी भिंतीवरून सैल होऊन खालीं आलेली असली तर नळी तिरकी होते. मग टोपण कितीही नवें असलें तरी टिकत नाहीं. अशा वेळीं टोपणाआधीं भिंतींतील स्क्रू घट्ट करावे.

एवढ्याशा थेंबासाठीं इतका खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचा हिशेब सोपा आहे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून थोडें अधिक पाणी. महिन्याचे सुमारें १३० लिटर होतात. भुयारी गटारें असलेल्या शहरांत दर माणशीं दररोज १३५ लिटर पाणी मिळावें, असें सरकारी प्रमाण आहे. म्हणजे हा थेंब महिन्याकाठीं एका माणसाचें जवळजवळ एका दिवसाचें पाणी पिऊन टाकतो. झडप आंतून गळत असली तर हिशेब याहून पुष्कळ वाईट. दिवसाला शेंकडों लिटर पाणी आवाज न करतां गटारांत जाऊं शकतें.

पनवेलकरांस हा हिशेब परका नाहीं. येथील नगरपालिका १८५२ सालची, देशांतील जुन्या नगरपालिकांपैकीं एक. २०१६ च्या ऑक्टोबरांत तिची महानगरपालिका झाली. वडाळे, कृष्णाळे, इस्राएल अशीं तळीं या गांवानें पूर्वींपासून राखलीं. गाढी नदीवरील देहरंग धरण पालिकेच्या स्वतःच्या मालकीचें आहे. परंतु त्याचा सांठा लहान, आणि पावसाळ्यांत भरून वाहणारें तें धरण उन्हाळ्याच्या अखेरीस गांवाला पुरत नाहीं. चार महिने छपरावर पाऊस कोसळतो, आणि मे महिन्यांत त्याच घरांत बादल्या भरून ठेवाव्या लागतात. ज्या गांवाचें असें आहे, तेथें गळणारी टाकी ही केवळ घराची खाजगी बाब राहत नाहीं.

परंतु मला त्या रविवारीं पाण्याहूनही दुसरीच गोष्ट अधिक लागली. माझ्या हातांनीं सायकल दुरुस्त केली आहे, विजेचे फ्यूज बदलले आहेत, पाट्यावरवंट्यास टांकीही लावली आहे. या एका टाकीला मात्र हात लावावयास मी अडखळलों. अडखळण्याचें कारण अज्ञान नव्हतें; ‘हें आपलें काम नव्हे’ हा पिढ्यान् पिढ्यांचा संस्कार होता. वस्तुतः टाकींतील पाणी तेंच, जें स्वयंपाकघराच्या नळास येतें. तरीही मन मागें सरलें. आपल्या घरांतून मैला वाहून नेणाऱ्या माणसांस आपण शतकानुशतकें दूर ठेवलें, आणि तें काम त्यांचेंच आहे असें मानून आपण स्वच्छ राहिलों. ‘आपलें नव्हे’ या दोन शब्दांचा खरा अर्थ तेवढाच आहे.

याच कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. उच्चविद्याविभूषित ब्राह्मण गृहस्थ. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां, भंगीकाम आपणांस करूं द्यावें अशी त्यांनीं मागणी केली. जातीच्या कारणानें ती नाकारली गेली, तेव्हां त्यांनीं उपवास आरंभिला, आणि येरवड्यास बंदिवान असलेल्या गांधीजींनीं त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्यांच्या पाठिंब्यासाठीं स्वतःही उपवास केला. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेबांनीं स्वच्छ व सोप्या संडासांच्या रचनेवर परिश्रम केले. १९७१ मध्यें ते निवर्तले. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध केंद्र सरकारनें १९९३ सालीं कायदा केला, आणि २०१३ सालीं त्याहून व्यापक असा दुसरा कायदा झाला. पाण्याची टाकी व वांकडी नळी हीं केवळ सुखसोयीचीं साधनें नाहींत; दुसऱ्या माणसाच्या डोक्यावरील ती टोपली उतरविण्याचीं तीं साधनें आहेत. तीं नीट चालतीं ठेवणें हें घरधन्याचें पहिलें काम आहे.

कुशल कारागीर बोलावूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. टाकीस तडा गेला असेल, भांडेंच जमिनींतून हलत असेल, किंवा खालच्या मजल्याच्या छतास ओल आली असेल, तर जाणत्या माणसासच बोलवावें, आणि त्याच्या श्रमाचें मोल आनंदानें द्यावें. परंतु तो काय करतो हें शेजारीं उभें राहून पाहावें, त्याला आदरानें विचारावें. नाक दाबून दूर उभें राहिल्यास लेपावर लेप चढतात.

आमच्या घरीं आतां एक नियम झाला आहे. दर वर्षीं पाऊस सुरूं होण्यापूर्वीं छपराचीं कौलें पाहतात त्याच दिवशीं टाकींत नीळ घालून कागद पसरला जातो. हें काम मुलांकडे आहे. यंदा माझ्या पुतणीनें कागद पाहून वरून ओरडून सांगितलें, “काकूआजी, कोरडा आहे!” तरटाचें तें पायपुसणें काकूंनीं स्वतःच्या हातानें परसांत नेऊन जाळलें आहे.